खलनायकाचं गाव

झाडीपट्टीच्या नाटकातल्या गावाला धड नाव नसतं. एखाद्या पात्राच्या तोंडी रामपूर किंवा सोनपूर असं काहीतरी येऊन जातं आणि तिसऱ्या प्रवेशापर्यंत सगळे ते विसरतात. मालक मात्र त्या गावाला असतोच. घरगुती सुखदुःखाचा एक प्रवेश होतो, एखादं गाणं होतं, मग ऑर्गन अचानक थांबतो, विंगेतून खाकरल्याचा आवाज येतो आणि तो येतो. पाटील, मालगुजार, सावकार, ठाकूर, आमदार. हुद्दा दर नाटकात निराळा, माणूस तोच. विहीर त्याची, धानाची गिरणी त्याची, सोसायटी त्याची, मास्तर त्याला घाबरून, कोतवाल त्याच्या दाराशी. कोणाच्या पोरीचं लग्न कुठं व्हावं हे तो ठरवतो आणि कोणाची बांधी कोणाच्या सातबाऱ्यावर चढावी हेही तोच ठरवतो. समोर तणसावर सतरंज्या अंथरून, डोक्याला मफलर गुंडाळून बसलेली माणसं त्याला पहिल्या वाक्यापासून शिव्या घालतात, आणि तो आत गेला की पुन्हा कधी येतो याची वाट पाहतात.

मी त्या माणसांतलाच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीच्या बाजूला माझं लहानपण गेलं आणि दिवाळीनंतर कुठल्या गावात कोणतं नाटक आहे हे आम्हाला शाळेच्या वेळापत्रकापेक्षा पक्कं ठाऊक असे. नायक लोकांना आवडतो. विनोदी नट तर जीव की प्राण. पण सकाळी परतताना 'कसा झाला जी नाटक?' असं कोणी विचारलं की पहिली गोष्ट निघते ती खलनायकाची. 'व्हिलन तगडा होता' ही आमच्याकडची मोठी पावती. एका माणसाच्या मुठीत सापडलेलं गाव बघायला आमचे लोक पौष-माघाच्या थंडीत रात्र रात्र का बसतात, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

असं गाव रचण्याची हौस काही आमचीच नाही. अमेरिकेतल्या चित्रकथांनी 1940 च्या सुमारास बॅटमॅनसाठी गॉथम नावाचं शहर उभं केलं आणि पुढची ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं ते या ना त्या गुंडाच्या टोळीला आलटूनपालटून आंदण दिलं. डॉक्टर डूम नावाच्या खलनायकाला तर लॅटव्हेरिया नावाचा अख्खा देशच राज्य करायला मिळाला. ती शहरं कागदावर आणि पडद्यावर राहतात, आणि तिथल्या लोकांना वाचवायला कोणीतरी छपरांवरून झेप घेत येतो. आमचं गाव दर रात्री नव्या मातीच्या रंगमंचावर उभं राहतं आणि पहाटे मोडतं. वाचवायला बाहेरून कोणी येत नाही. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

झाडीपट्टी म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतला धानाचा आणि जंगलाचा पट्टा. इथं धान कापून, चुरून घरात आलं की हातात थोडा पैसा येतो आणि पुढच्या पेरणीपर्यंत वेळही असतो. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, पुढे शंकरपट होतात, पाहुणे येतात, आणि पाहुणे आले की रात्री नाटक हवंच. होळीपर्यंत हे चालतं. दंडार, खडी गंमत, डहाका या लोककलांच्या पोटातून हे नाटक वर आलं, त्याला संगीत नाटकाची गोडी लागली आणि त्यानं स्वतःचं एक अंग धरलं. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा शंकरपट थांबले. 2023 च्या निकालानं ते कायमचे मोकळे झाले. बंदीच्या काळात पट नव्हते, तरी नाटक होतंच.

रात्रभर चालण्यामागेही कारण आहे. पूर्वी लोक बैलांच्या रेंग्या आणि बंड्या जुंपून दोन-दोन, चार-चार कोसांवरून यायचे. मध्ये जंगल. नाटक मध्यरात्री संपलं तर जायचं कुठं? म्हणून ते दहाला सुरू व्हायचं आणि उजाडताना संपायचं. आज मोटारसायकली आहेत, पण ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीडच्या रस्त्यांवर वाघ आजही आहेत. खरं तर पूर्वीपेक्षा जास्तच दिसतात, आणि दरवर्षी मोहफुलं वेचायला, सरपणाला गेलेली माणसं त्यांच्या तावडीत सापडतात. एक गोष्ट मात्र माझ्या मनात राहिली आहे. ज्या मुलखात वाघ खरोखर माणूस नेतो, त्या मुलखाच्या नाटकात मी वाघाला कधी खलनायक झालेला पाहिला नाही. दुष्काळालाही नाही, पुरालाही नाही. आमच्या लेखी खलनायक म्हणजे माणूसच. त्याला घर असतं, आडनाव असतं, आणि त्यानं तसं वागायचं ठरवलेलं असतं.

या सगळ्याची राजधानी वडसा. सरकारी नाव देसाईगंज, पण गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं ते स्टेशन वडसा म्हणूनच लोकांना माहीत. हंगामात वडशाच्या रस्त्यावरून चाललं की दुतर्फा नाट्यमंडळांच्या कचेऱ्या. प्रत्येकीबाहेर माणसापेक्षा मोठे फलक. फलकावर रडणारी नायिका, हात जोडलेली म्हातारी, दात विचकणारा विनोदी नट आणि सगळ्यांच्या वर, ढगात असावा तसा, खलनायकाचा चेहरा. गावोगावची मंडळं इथं येतात, कोणत्या तारखेला कोणतं नाटक मोकळं आहे ते पाहतात, विसार देतात. एक कंपनी दुसरीच्या तारखा पळवते, एकीचा नट पुढच्या हंगामात दुसरीकडे दिसतो, आणि कोणाच्या नाटकाला किती तिकीट गेलं हे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वडशाच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांना ठाऊक असतं. चुरस खरी आहे आणि पोटाची आहे. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे याच रंगमंचावर आयुष्यभर लोकांना हसवत राहिले. पाच हजारांच्या घरात त्यांचे प्रयोग झाले आणि 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या मुलखात घरचं कार्य असावं तसा आनंद होता.

आता जरा त्या रंगमंचाजवळ जाऊ. मी लहानपणी कायम पुढच्या रांगेत बसायचो, म्हणून मला दोन गोष्टी दिसल्या ज्या मागच्यांना दिसत नाहीत.

पहिली गोष्ट माइकची. रंगमंचाच्या वर दोरीला माइक टांगलेले असतात. मधला सगळ्यात जोरकस, कडेचे कमी ऐकणारे. सरावलेला खलनायक आत आला की थेट मधल्या माइकखाली जाऊन उभा राहतो आणि तिथून हलत नाही. गरीब नायकाला, म्हाताऱ्या बापाला, पदर पसरून विनवणी करणाऱ्या बाईला कडेच्या माइकवर बोलावं लागतं. ते ओरडतात, तरी आवाज बारीक येतो. तो हळू बोलतो आणि ते शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जातं. हे लेखकानं लिहिलेलं नसतं. नटाला ते अनुभवानं कळलेलं असतं की या गावात ज्याच्या डोक्यावर मधला माइक, त्याचं राज्य. पुढे शेवटच्या अंकात कधीतरी नायिका त्याला ढकलून स्वतः त्या माइकखाली येते. तिचा पहिला शब्द मंडपभर घुमतो तेव्हा लोक उठून टाळ्या वाजवतात. शब्द काय होता हे अनेकांना नंतर आठवत नाही.

दुसरी गोष्ट खड्ड्यातली. रंगमंचाच्या पुढ्यात, वादकांच्या जवळ, एक खड्डा असतो आणि त्यात प्रॉम्प्टर बसतो. नट एका गावचे नसतात. कोणी नवरगावचा, कोणी वडशाचा, कोणी नागपूरहून आलेली. काल एकीकडे प्रयोग, आज दुसरीकडे, तालमीला वेळ नाही. म्हणून जवळजवळ प्रत्येक वाक्य खालून येतं. प्रॉम्प्टर बिनआवाजी घशानं, पण स्पष्ट, पुढचं वाक्य टाकतो आणि वरचा नट ते झेलून त्याला रंग चढवतो. पहिल्या रांगेत दोन्ही ऐकू येतं. आधी खड्ड्यातून कोरडं, सपाट, 'या गावात माझ्या परवानगीशिवाय पान हलत नाही,' आणि लगेच वरून तेच वाक्य मिशीवर हात फिरवत, गडगडत. गावावर राज्य करणारा माणूस स्वतःचं एकही वाक्य स्वतः बोलत नाही, खाली बसलेला कोणी तरी ते त्याला पुरवतो, हे मी समज यायच्या आधीच पाहून ठेवलं होतं. खालच्या माणसानं एक वाक्य गिळलं तर वरच्याची काय तारांबळ उडते तेही पाहिलं.

हा खलनायक आमच्याकडे आला कुठून? हिंदी सिनेमातून आला असं शहरातले लोक सहज म्हणतात. थोडा आलाही असेल, त्याची हसण्याची तऱ्हा तरी. पण त्याचा वाडा आमच्याच गावातला आहे. हा मुलूख मध्य प्रांतात होता, इथं मालगुजारी होती. सरकारला सारा भरायची जबाबदारी मालगुजाराची, त्या बदल्यात गाव त्याचं. दक्षिणेला अहेरीसारख्या मोठ्या जमीनदाऱ्या होत्या. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, पण वाडे राहिले आणि वाड्यांची सवयही राहिली. माझी आजी सांगायची, मालगुजाराच्या बांधीत आधी राबायचं आणि मग आपल्या. त्याच्या दारावरून पायात वहाणा घालून जायचं नाही. आणि त्याच आजीनं मला गावचा तलाव दाखवून सांगितलं होतं की हाही त्यांच्याच वेळचा. आमच्या चारही जिल्ह्यांत हे जुने तलाव आहेत, सरकारी कागदावर आजही 'माजी मालगुजारी तलाव'. बरंचसं धान त्यांच्यावरच पिकतं. खरी सत्ता अशी असते, एका हातानं वेठ घेणारी आणि दुसऱ्या हातानं पाणी देणारी. तिला पुरतं वाईट म्हणायची सोय नसते. नाटकातला मालगुजार तलाव खोदत नाही. लेखक त्याच्या हातून तेवढं काढून घेतो आणि मग जे उरतं ते लख्ख दिव्याखाली उभं करतो. हे सोपं करणं आहे, मान्य. पण ज्यांनी पिढ्यान्पिढ्या त्या दारावरून वहाणा हातात घेऊन जाणं पाहिलं, त्यांना एक रात्र तरी ते असं सोपं करून बघायचा हक्क आहे असं मला वाटतं.

आणि तरी खलनायक एकटा गाव दाबू शकत नाही, हे नाटकाला पक्कं माहीत असतं. नीट पाहा, त्याच्याजवळ फौज नसते. एक मुनीम, दोन पोसलेले गुंड, एवढंच. बाकी त्याचं सगळं राज्य गावातल्या दोन पार्ट्यांवर चालतं. पहिल्या अंकात तो एका भावाला बोलावून सांगतो, तुझा भाऊ कोर्टात जाणार आहे. दुसऱ्या प्रवेशात दुसऱ्या भावाला तेच सांगतो. माळ्यांच्या आळीला सांगतो की पाण्याची पाळी कुणब्यांनी मोडली. देवळाच्या पैशावरून वाद पेटला की दोन्ही बाजू न्याय मागायला त्याच्याच ओसरीवर येतात. तो मधे बसतो, दोघांचं ऐकतो, दोघांकडून अंगठा घेतो. गावानं एकमेकांशी बोलणं सोडलं की प्रत्येकाला त्याच्याशी बोलावं लागतं. मला हे त्या नाटकांतलं सगळ्यात शहाणं अंग वाटतं. रडारड, नाच, योगायोग यांच्या गर्दीत ते अनेकदा टीकाकारांच्या नजरेतून सुटतं.

समोर बसलेल्या गावाच्या नजरेतून ते सुटत नाही, कारण त्या गावातही दोन पार्ट्या असतातच. आमच्या गावात होत्या. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पडलेली फूट देवळात गेली, देवळातून भजनी मंडळात, तिथून नाटकात. परिणाम असा की शंकरपटाच्या रात्री गावात दोन मंडप. दोन मंडळं, दोन कंपन्या, दोन भोंगे लावलेल्या गाड्या दिवसभर आजूबाजूच्या गावांतून एकमेकांवर कुरघोडी करत फिरायच्या. कोणाच्या मंडपात जायचं हा घराघरांत ताणाचा विषय. काका एकीकडे, मामा दुसरीकडे. तिकीट फाडणारी पोरं ओळखीच्या माणसाला दुसऱ्या मंडपाकडे वळताना पाहून तोंड फिरवायची. एका वर्षी मी अर्धी रात्र इकडे आणि अर्धी तिकडे काढली. इकडे मालगुजार होता, तिकडे आमदार. पण इकडे मालगुजार दोन भावांत जी काडी लावत होता, तीच काडी तिकडे आमदार दोन समाजांत लावत होता. एका मंडपात कोसळणाऱ्या टाळ्या दुसऱ्या मंडपात ऐकू येत होत्या. दोन्हीकडची माणसं एकाच माणसाच्या पडण्याची वाट पाहत होती, फक्त एकमेकांकडे पाठ करून.

पडतो तो, पण कसा पडतो ते महत्त्वाचं. मी पाहिलेल्या नाटकांत त्याला बाहेरच्या वीरानं क्वचितच पाडलं. तडा त्याच्या घरातून जातो. शहरात शिकून आलेला मुलगा बापाचं वहीखातं उघडतो. किंवा वीस वर्षं गप्प राहिलेली बायको कोर्टात उभी राहते. किंवा मुनीम, ज्याला सगळी गुपितं ठाऊक, तो एका अपमानानंतर वाकणं थांबवतो. शेवटच्या प्रवेशात फौजदार बेड्या घेऊन येतो खरा, पण तोवर काम झालेलं असतं. फौजदार म्हणजे पहाटेची गाडी पकडायची घाई.

मराठी सिनेमानं असा एक गावचा राजा अजरामर करून ठेवला आहे. 'सामना'मधला हिंदुराव धोंडे पाटील. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला चित्रपट. निळू फुल्यांचा हिंदुराव ओरडत नाही. साखर कारखाना त्याचा, कोंबड्या त्याच्या, रस्ते त्याचे, आणि गाव त्याच्या उपकाराखाली इतकं दबलेलं की त्याला धाक दाखवायची गरजही पडत नाही. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर तिथं येतो आणि एका बेपत्ता माणसाबद्दल विचारत राहतो. शस्त्र एवढंच. पश्चिम महाराष्ट्राच्या सहकारानं जो खलनायक दिला तो असा संयमी, विकासाची भाषा बोलणारा. आमचा झाडीतला त्यापेक्षा भडक आहे, अंगावर येणारा आहे. पण मला हल्ली वाटतं, आमच्याकडच्या भडकपणामागे वेगळी निकड आहे. आमच्या लोकांना कोणाकडे बोट दाखवावं हेच अनेक वर्षं कळेनासं झालं होतं.

1980 पासून गडचिरोलीच्या जंगलात नक्षलवादी आले. त्यानंतरची चार दशकं दक्षिणेकडच्या आणि पूर्वेकडच्या तालुक्यांत माणसं दोन बंदुकांच्या मधे जगली. रात्री एक दल येऊन भात मागायचं, सकाळी दुसरं दल येऊन रात्री कोण आलं होतं म्हणून विचारायचं. भात दिला तर एक गुन्हा, नाव सांगितलं तर दुसरा. खबऱ्या ठरवून किती जणांना गावाबाहेर नेलं गेलं आणि रस्त्यावर टाकलं गेलं हे त्या गावांना ठाऊक आहे. ज्या कुरखेडा तालुक्यात परशुराम खुण्यांनी लोकांना हसवलं, त्याच तालुक्यात जांभुळखेड्याजवळ 1 मे 2019 ला, महाराष्ट्र दिनी, भूसुरुंगाच्या स्फोटात पोलिसांचे 15 जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मेले. त्या जवानांतले अनेक याच मुलखातले, धानाच्या घरातले. त्यांनीही कुठल्या तरी मंडपात तणसावर बसून रात्र जागवली असणार.

अशा काळात शत्रूला चेहरा राहत नाही. भीती सगळीकडून येते आणि तिचं नाव घेता येत नाही. शेजारी कोणाच्या बाजूचा आहे हे कळत नाही, म्हणून माणूस शेजाऱ्याशी बोलणं कमी करतो. नाटकातला खलनायक करतो तेच काम भीती करते. मग रात्रीच्या दिव्यात एक माणूस येतो, मिशीला पीळ देतो आणि मोठ्यानं सांगतो, हो, मीच करतो हे सगळं. ज्यांनी कित्येक वर्षं कोणी तरी करतंय एवढंच पाहिलं, त्यांना ते ऐकून सुटल्यासारखं होत असेल. शिव्या द्यायला एक तोंड सापडतं. त्या शिव्यांत काय काय मिसळलेलं असतं हे पुढच्या रांगेत बसणाऱ्याला ऐकू येतं. नाटकात नसलेल्या माणसांची नावंही मी त्यांत ऐकली आहेत.

2025 च्या ऑक्टोबरात माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. आता बंदुकांचं पर्व सरत आलं असं म्हणतात. सरो, मनापासून सरो. पण मला त्या क्षणापासून आमच्या नाटकांत असलेली एक मोठी उणीव फार टोचू लागली आहे. खलनायकाला बेड्या पडतात, पडदा पडतो, लोक सतरंज्या झटकतात. दुसऱ्या दिवशी काय होतं हे कोणी दाखवत नाही. वाडा रिकामा. विहीर कोणाची? पाण्याची पाळी कोण ठरवणार? ज्या दोन भावांना त्यानं भांडवलं ते पहिल्यांदा एकमेकांसमोर बसतील तेव्हा काय बोलतील? मुनीम अजून गावातच आहे, सगळ्या वह्या त्याच्याकडे आहेत, आणि रिकामी खुर्ची त्यालाही दिसते आहे. मला वाटतं आमचं खरं नाटक तिथून सुरू व्हायला हवं.

ते अशक्य नाही, कारण गावानं आपला कारभार आपणच चालवणं गडचिरोली जिल्ह्यातच प्रत्यक्ष घडलं आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा, लेखाजवळचं गोंडांचं छोटं गाव. ऐंशीच्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपटनमच्या धरणांविरुद्ध आदिवासी उठले, त्या चळवळीतून देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी या विचारापर्यंत आले की दिल्ली-मुंबईत आमचं सरकार असेल, पण आमच्या गावात आम्हीच सरकार. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा मित्र त्यांना अभ्यासासाठी मिळाला. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये त्यांच्या अठराशे हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. 2011 मध्ये स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळाला. पुढे त्यांनी शेतजमिनीही ग्रामदान कायद्याखाली गावाच्या नावे केल्या. हे सगळं वर्तमानपत्रांत आलं आहे. पण नाटकवाल्याला उपयोगी गोष्ट वेगळीच आहे. मेंढ्याची ग्रामसभा मतदान घेत नाही. बहुमत झालं म्हणून ठराव होत नाही, सगळ्यांचं पटलं तरच होतो. एक जरी माणूस नाही म्हणाला तरी विषय पुढे ढकलायचा, पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. याला वेळ लागतो, फार वेळ लागतो. पण बहुमत नाही म्हणून अल्पमतही नाही, आणि अल्पमत नाही म्हणून रुसून दुसरा मंडप घालणारी पार्टीही तयार होत नाही.

वडशाच्या एखाद्या लेखकानं हे नाटक लिहावं अशी माझी फार इच्छा आहे. तिकीट जाईल का, असं तिथल्या एका जाणत्या नटाला मी विचारलं. हंगामातला बराच काळ तो खलनायकाचं काम करतो. पहाटेचा प्रयोग आटोपून, स्पिरिट गमनं चिकटलेली मिशी हळूहळू सोलत तो बसला होता. ओठावरची कातडी लाल झाली होती. 'व्हिलन नसला तर मी काय करू, भाऊ?' त्यानं सरळ विचारलं. पोटाचा प्रश्न होता, आणि तो बरोबर होता.

मी त्यावर पुष्कळ विचार केला आणि पुढच्या भेटीत, पुन्हा तो मिशी सोलत असताना, त्याला माझं उत्तर सांगितलं. त्या नाटकातही त्यालाच मुख्य काम आहे. गाव सभेला बसलं आहे, रात्र चढते आहे, सगळ्यांचं एका गोष्टीवर पटलं आहे. आणि मागे खांबाला टेकून बसलेला एक म्हातारा, ज्याची बांधी सगळ्यात लहान, ज्याला आजवर कोणी विचारलं नाही, तो नाही म्हणतो. आता सगळं गाव त्याच्या एका शब्दावर अडलं. पान हलत नाही. लोक त्याला समजावतात, चिडतात, जेवायला घालतात, पुन्हा समजावतात. तो मधल्या माइकखाली बसला आहे आणि हळू बोलतो आहे. त्याचं म्हणणं काय आहे हे ऐकून घेतल्याशिवाय कोणाला उठता येत नाही.

नटानं मिशीचा राहिलेला तुकडा काढला, कागदात गुंडाळून पेटीत ठेवला आणि विचारलं, 'मग तो काहाले नाही म्हणते?'

मी म्हटलं, ते अजून लिहायचं आहे. तो म्हणाला, लिहून आणा, पण भाऊ, म्हाताऱ्याला कमीत कमी तीन एन्ट्र्या पाहिजेत.